हातांतील यंत्राचा जमाखर्च

गेल्या दिवाळींत कोंकणांतील आमच्या मूळ घरीं एक लहानसा तंटा झाला. जर्मनींत असणारा आमचा पुतण्या सहकुटुंब आला होता. त्याच्या मुलाजवळ खेळावयाचें एक यंत्र होतें; त्याचें नांव स्टीम डेक. घरांतील चार मुलांनीं तें आळीपाळीनें घ्यावें, प्रत्येकानें पाऊण तास खेळावें, असें थोरांनीं ठरवून दिलें. चार पाऊण तास म्हणजे तीन तास. परंतु तिसऱ्या मुलाच्या हातीं असतांनाच यंत्र मालवलें, आणि चौथी, म्हणजे आमची धाकटी नात, हात चोळीत राहिली. दुसऱ्या दिवशींही तेंच झालें. मुलें ओटीवर खेळत. तेथें प्लग नाहीं. माजघरांत चार्जर लावून खेळावें, तर वडील मंडळींच्या वामकुक्षीस व्यत्यय. पाळीचा क्रम फिरविला असता तर उणें दुसऱ्याच्या वांट्यास गेलें असतें. तें नाहींसें कांहीं झालें नसतें.

यावर घरांत नाना मतें पडलीं. वस्तूच हलकी, असें एकानें ठरविलें. यंत्र कपाटांत ठेवून द्या, म्हणजे तंटाही कपाटांत जाईल, असें वहिनींनीं सांगितलें. पुतण्या म्हणाला, "काका, एक मोठी पॉवर बँक मागवितों, दोन दिवसांत येईल." आम्हीं सारी हयात मुलांस प्रमाण, व्याज आणि काळ-काम-वेगाचीं उदाहरणें घालण्यांत घालविली. तेव्हां निवाडा करण्यापूर्वीं हिशेब मांडून पाहावा, असें आम्हांस वाटलें. तो मांडतांना जें समजलें तें अनेक घरांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन केलें पाहिजे. अमेरिकेंतील व्हॅल्व्ह कंपनीनें तें फेब्रुवारी २०२२ मध्यें बाजारांत आणलें. दोन्ही हातांनीं धरावयाचें, वजन सुमारें ६६९ ग्रॅम, मधोमध सात इंचांची स्क्रीन आणि दोन्ही बाजूंस कळा. दिसण्यांत तें खेळणें असलें तरी आंत एक पुरता संगणक आहे, आणि त्याचा सारा कारभार लिनक्स या प्रणालीवर चालतो. टेबलावरच्या संगणकास भिंतींतून अखंड वीज मिळते. येथें तसलाच संगणक तळहातावर असून त्यास आपल्या पोटांतील शिदोरीवर दिवस काढावयाचा आहे. सगळी अडचण येथूनच उद्भवते.

शिदोरी किती तें पाहूं. वॅट म्हणजे वीज खर्च होण्याचा वेग, आणि वॅट-तास म्हणजे खर्च झालेली एकूण वीज. आपल्या घरच्या वीजबिलांतील एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. या यंत्राच्या बॅटरींत ४० वॅट-तास मावतात, म्हणजे युनिटाचा पंचविसावा हिस्सा. दहा वॅटांचा दिवा एवढ्यावर चार तास जळेल. एका भरण्यांत यंत्र दोन ते आठ तास चालेल, असें कंपनीनें प्रथमच सांगितलें होतें. मुलांनीं यांतला आठाचा आंकडा लक्षांत ठेवला होता व थोरांनीं दोनाचा. दोन्ही खरे आहेत. ४० ला २ नें भागलें तर २० वॅट येतात, ८ नें भागलें तर ५ वॅट. भांडें तेंच, तोटी केवढी उघडली आहे एवढाच भेद. म्हणून बॅटरी किती वेळ पुरेल हा प्रश्न जितका सांठ्याचा, त्याहून अधिक खर्चाच्या वेगाचा आहे.

या बाबतींत इतिहासांतील एक दाखला सांगण्यासारखा आहे. १९८९ सालीं जपानच्या निन्टेंडो कंपनीनें गेम बॉय नांवाचें हातांतील खेळाचें यंत्र काढलें. गुनपेई योकोई हे त्याच्या निर्मितीमागील प्रमुख पुरुष. त्या यंत्राच्या स्क्रीनला रंग नव्हते, मागून प्रकाशही नव्हता. मात्र चार पेन्सिल-सेलांवर तें दहा तासांहून अधिक चाले. पुढच्याच वर्षीं सेगा कंपनीनें गेम गिअर आणलें. रंगीत, झगझगीत, दिसण्यांत कितीतरी सरस. परंतु सहा सेल घालून तें जेमतेम तीन ते पांच तास पुरे. बाजारांत विजय साध्या यंत्राचा झाला. त्याला दुसरींही कारणें होतीं. तरी प्रवासांत मध्येंच मालवणारें यंत्र लोकांस नकोसें झालें, हें त्यांतील एक मोठें कारण होय.

तेव्हांपासून बॅटरींत मोठी सुधारणा झाली. आज वापरांत असलेली लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं सोनी कंपनीनें प्रथम विक्रीस आणली. आणि योगायोग असा कीं त्याच वर्षीं हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें लिनक्सचा पहिला पाठ जगापुढें ठेवला. बॅटरीच्या मूळ शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांपैकीं गुडइनफ त्या वेळीं ९७ वर्षांचे होते. इतक्या वयांत तें पारितोषिक मिळालेला दुसरा पुरुष नाहीं. निवृत्तीनंतर आपलें काय राहिलें, असें म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां खर्चाच्या बाजूकडे वळूं. या यंत्रांतील खर्चाचे दोन भाग पडतात. पहिला भाग मुख्य चिपेचा. गणित करणें व चित्र रेखाटणें हीं कामें तीच करते, आणि तिच्यासाठीं ४ ते १५ वॅटांचा टप्पा नेमलेला आहे. दुसरा भाग स्क्रीन, स्मृति, वायफाय, पंखा इत्यादि परिवाराचा. एकत्र कुटुंबांत कर्ता परगांवीं गेला तरी चूल पेटतेच. तसा हा दुसरा खर्च चिप स्वस्थ असली तरी चालूच राहतो. हिशेबासाठीं तो ५ वॅट धरूं. चिप पूर्ण जोरानें चालली तर १५ आणि ५ मिळून २० वॅट, म्हणजे बरोबर दोन तास. हाच आमच्या ओटीवरचा अनुभव. चिपेस ५ वॅटांवर आणलें तर एकूण १०, म्हणजे चार तास. चिपेचा खर्च तिसऱ्या हिश्श्यावर आला, तरी वेळ मात्र दुप्पटच वाढला, तिप्पट नव्हे, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. परिवाराचा खर्च मध्यें येतो तो असा. म्हणून स्क्रीनचा प्रकाश मंद करणें आणि गरज नसतां वायफाय बंद ठेवणें, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी हलक्या खेळांत फार मोलाच्या ठरतात.

चिपेच्या खर्चाविषयीं निसर्गाचा एक नियम आहे, आणि आमच्या मतें या विषयांतील सर्वांत मनोरंजक भाग तोच. चिपेचा चालता खर्च तिच्या वेगाच्या प्रमाणांत वाढतो, आणि तिला दिलेल्या विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांतही वाढतो. वेग वाढवावयाचा तर बहुधा दाबही वाढवावा लागतो. आतां उलट बाजूनें पाहा. वेग आणि दाब हे दोन्ही एक पंचमांशानें कमी केले, म्हणजे प्रत्येकी ०.८ झाले, तर खर्च ०.८ चा घन, म्हणजे ०.५१२ होतो. वेगाचा पांचवा हिस्सा सोडला आणि खर्च जवळजवळ निम्म्यावर आला! प्रत्यक्षांत कांहीं वीज चिपेंतून नुसती झिरपून जाते, म्हणून लाभ याहून थोडा कमी पडतो. तरी तत्त्व ढळत नाहीं. शेवटच्या थोड्या वेगासाठीं जें मोल द्यावें लागतें तें सर्वांत महाग असतें. आगगाडीला घाट चढतांना कोळसा किती लागे, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको.

मग हा महाग वेग हवा कशाला? खेळांतील चित्र हलतांना दिसतें, तें सिनेमाप्रमाणें पुष्कळ स्थिर चित्रें एकामागून एक दाखविल्यामुळें. सिनेमांत सेकंदास २४ चित्रें असतात. या यंत्राची स्क्रीन सेकंदास ६० पर्यंत दाखविते. प्रत्येक चित्र चिपेस नव्यानें रेखाटावें लागतें. ३० चित्रांवर आणलें तर काम निम्में होतें, परंतु हालचाल जड वाटूं लागते. येथें जाणत्या लोकांनीं एक सुंदर मध्यममार्ग काढला आहे. सेकंदास ६० चित्रें म्हणजे दर चित्रास १६.६७ सहस्रांश सेकंद. ३० म्हणजे ३३.३३. यांचा मध्य २५ सहस्रांश, आणि तितका काळ दर चित्रास दिला तर सेकंदास चित्रें होतात ४०. वर्गांत विचारलें असतें तर मुलांनीं ६० व ३० यांचा मध्य ४५ सांगितला असता! पण डोळ्यास चित्रांची संख्या मोजतां येत नाहीं. दोन चित्रांमधील काळ जाणवतो. म्हणून स्क्रीन व खेळ दोन्ही ४० वर बांधले, तर डोळ्यांस ६० आणि ३० यांच्या बरोबर मधली गति वाटते, आणि चित्रें मात्र एक तृतीयांशानें कमी काढावीं लागतात.

हें सारें करण्याची सोय यंत्रांतच आहे. उजव्या बाजूस खालीं तीन टिंबांची एक कळ आहे. ती दाबली असतां चित्रांची मर्यादा, चिपेच्या वॅटांची मर्यादा (३ पासून १५ पर्यंत) व प्रकाश यांचे कांटे दिसूं लागतात. प्रत्येक खेळासाठीं मर्यादा निराळी ठेवतां येते. त्याखेरीज स्क्रीनच्या कडेस एक छोटा फलक उघडतां येतो. त्यावर बॅटरींतून या क्षणीं किती वॅट जात आहेत आणि या गतीनें आणखी किती वेळ पुरेल, हें लिहून येतें.

लिनक्सचा उपयोग येथें कळतो. त्याच्या गाभ्यांत, ज्याला कर्नल म्हणतात, वेगाचा कारभार पाहणारा एक भाग असून त्याला गव्हर्नर असें नांव आहे. काम किती पडलें आहे हें पाहून तो क्षणोक्षणीं चिपेचा वेग चढवितो वा उतरवितो, आणि काम नसतां तिचे भाग एकेक करून निजवितो. दुसरी गोष्ट अशी कीं बॅटरीचा सगळा जमाखर्च कर्नल साध्या मजकुराच्या लहान लहान फायलींत मांडून ठेवतो. आतां किती शिल्लक आहे, खर्चाचा वेग काय, कारखान्यांतून निघतांना क्षमता किती होती, आणि आज पूर्ण भरली असतां किती भरते, हे आंकडे हवे त्यानें उघडून वाचावे. ही वही सर्वांस खुली असल्यामुळें जगांतील कोणाही जाणकारास तींत सुधारणा सुचवितां येते. लिनक्सवर चालणारीं हातांतील खेळयंत्रें काढणाऱ्या लहान मंडळींनींही, २००५ च्या दक्षिण कोरियांतील जीपी२एक्सपासून, याच खुल्या पायावर आपलें काम उभारलें.

आम्ही नातवास जवळ बसविलें व वॅटांची मर्यादा उतरवावयास सांगितलें. तो कुरकुरला. "आजोबा, मर्यादा घातली तर खेळ अडखळेल." त्याचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. ६ वॅटांवर खेळ खरोखरच अडखळला. मग आम्हीं चित्रें ४० वर बांधलीं, सांवल्या व प्रतिबिंबें यांचा थाट कमी केला आणि मर्यादा ८ वर ठेवली. खेळ सुरळीत चालूं लागला. फलकावरचा आंकडा विसाच्या घरांतून तेराच्या आसपास आला. ४० भागिले १३ म्हणजे तीन तास आणि वर कांहीं मिनिटें. नातवानें भागाकार स्वतः केला, आणि कांहीं न बोलतां धाकट्या बहिणीकडे पाहिलें.

मोठ्या बॅटरीचा विचार त्यामुळें आपोआप मागें पडला. तरी त्याचाही हिशेब सांगून ठेवतों, कारण दुकानांतील आंकड्यांनीं पुष्कळ लोक फसतात. पॉवर बँकेवर २०,००० मिलिअँपिअर-तास असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें. तो आंकडा बहुधा आंतील सेलांच्या सुमारें ३.७ व्होल्ट दाबाचा असतो. म्हणून २० गुणिले ३.७ करून खरा सांठा ७४ वॅट-तास येतो. दाब चढवितांना व बॅटरी भरतांना होणारी तूट वजा जातां, ४० वॅट-तासांची बॅटरी त्यांत दोनदां भरत नाहीं. शिवाय पॉवर बँकेस पुरेशा वेगानें वीज देतां आली पाहिजे. यंत्रासोबतचा चार्जर ४५ वॅटांचा असतो. नुसता सांठा पाहून वस्तु घेणारा घरीं येऊन हळहळतो.

खुद्द निर्मात्यांनींही हाच मार्ग धरला. नोव्हेंबर २०२३ मध्यें यंत्राची सुधारलेली आवृत्ति निघाली. तिची बॅटरी ५० वॅट-तासांची, म्हणजे पहिलीच्या सव्वापट. पण कंपनीनें सांगितलेला वेळ तीन ते बारा तास, म्हणजे दीडपट. भांडें सव्वापट आणि वेळ दीडपट, मग उरलेला लाभ आला कोठून? तो काटकसरींतून आला. चिप अधिक सूक्ष्म घडणीची झाली, आणि स्क्रीन ओएलईडी जातीची बसविली. तींत काळा भाग दाखवितांना तेथील ठिपके प्रकाशतच नाहींत.

येथवर एका दिवसाची गोष्ट झाली. परंतु बॅटरीचें आयुष्य या शब्दाला दुसराही अर्थ आहे, आणि थोरांनीं लक्ष घालावें तें त्याकडे. एका भरण्याचा वेळ हें व्याज धरलें, तर बॅटरीची एकूण धारणशक्ति हें मुद्दल होय, आणि तें दरवर्षीं थोडें थोडें झिजतें. झीज थांबवितां येत नाहीं. वाढवितां मात्र सहज येते. उष्णता, सतत काठोकाठ भरलेली स्थिति आणि अगदीं रिकामी करून टाकून देणें, हे तिचे तीन शत्रु. पुतण्याच्या घरीं यंत्र रात्रंदिवस चार्जरला जोडलेलें असे. त्यास तो काळजी समजत होता! दुसरी जुनी समजूत अशी कीं बॅटरी अधूनमधून पूर्ण संपवून मग भरावी. ती निकेल-कॅडमियम जातीच्या सेलांच्या काळची. लिथियमला ती लागू नाहीं, उलट अपायकारक आहे. मे २०२५ मध्यें या यंत्राच्या प्रणालीची ३.७ ही आवृत्ति आली, तींत बॅटरी ८० टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय झाली आहे. ज्यांचें यंत्र बहुतेक वेळ घरांतच जोडलेलें असतें त्यांनीं ती अवश्य वापरावी. प्रवासाच्या आदल्या रात्रीं पूर्ण भरावें.

निद्रेविषयींही एक सूचना. कळ दाबली कीं यंत्र झोपतें व खेळ आहे तेथें थांबतो. ही सोय उत्तम, कारण तेव्हां स्मृतीपुरती थोडी वीज लागते व बाकीचें घर निजतें. पण थोडी म्हणजे शून्य नव्हे. परीक्षा आली म्हणून झोपलेलें यंत्र तसेंच दोन महिने कपाटांत ठेवलें, तर बॅटरी पार आटेल आणि कदाचित् पुन्हा पूर्वीसारखी भरणार नाहीं. दीर्घ काळ ठेवावयाचें असेल तर साधारण अर्धी भरून, पूर्ण बंद करून, थंड व कोरड्या जागीं ठेवावें. बॅटरी फुगून यंत्राची पाठ उचलल्यासारखी दिसली तर तें चार्जरला लावूं नये, दाबूं नये, उघडून पाहूं नये. जाणत्या कारागिराकडे न्यावें. पहिल्या आवृत्तींत ती घट्ट चिकटवून बसविलेली असल्यामुळें घरीं उपटून काढण्याचा प्रयत्न तर मुळींच करूं नये. लिथियमची आग विझविणें सोपें नसतें.

आम्ही खेळांचे पुरस्कर्ते नाहीं, आणि या लेखावरून घरोघरीं असलीं यंत्रें घ्यावीं असाही अर्थ कोणी काढूं नये. परंतु जें घरांत आलेंच आहे त्याचें काय करावयाचें, हा प्रश्न आज पुष्कळ घरांपुढें आहे. "किती वेळ खेळतोस!" असें आम्ही त्या मुलास चार वेळां सांगितलें असेल, त्याचा परिणाम शून्य. पण आपण सेकंदाला किती खर्चितों आणि त्यामुळें कोणाच्या वांट्याचें उणें होतें, हें त्याला स्वतःच्या डोळ्यांनीं आंकड्यांत दिसलें, तेव्हां त्यानें कांटा आपण होऊन खालीं घेतला. मर्यादा दुसऱ्यानें घातली कीं ती जाच वाटते. हिशेब कळल्यावर आपणच घातली तर तिचा अभिमान वाटतो.

भाऊबिजेच्या दिवशीं पाळी पुन्हा लागली. तीन मुलांचे सव्वादोन तास झाले, तेव्हां फलकावर पन्नास मिनिटांची शिल्लक दिसत होती. धाकटीनें यंत्र हातीं घेतलें आणि प्रथम विचारलें, "आजोबा, माझा पाऊण तास पुरा होईल ना?" होईल, असें आम्हीं सांगितलें, आणि तो झाला.